विश्लेषण : किती मिमी आणि किती वेळात? मुसीचा पूर, विश्वेश्वरय्या आणि जालना एमआयडीसीच्या गटारांचे गणित

पावसाळ्यात मोबाइलवर रोज एक आकडा येतो. अमुक मंडळात ६५ मिमी, तमुक मंडळात १०० मिमी. २४ तासांत ६५ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की सरकारी भाषेत ती ‘अतिवृष्टी’ ठरते. पंचनामे आणि मदतीचे निकष याच आकड्यावर चालतात. मात्र जालना एमआयडीसीतील एखाद्या रोलिंग मिलच्या आवारात पाणी शिरणार की नाही, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ६५ मिमी पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर गटार तो सहज वाहून नेते. तोच पाऊस पाऊण तासात कोसळला तर भट्टीच्या शेडपर्यंत पाणी येते. पावसाच्या आकड्याला वेळेची जोड नसेल तर तो अर्धवट असतो. ही गोष्ट समजून घेण्यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्यांच्या कामाचा मोठा भाग महाराष्ट्रात झाला आणि त्यांच्यापुढचा सर्वांत कठीण पूरप्रश्न जालना ज्या संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या राजधानीत उभा राहिला.

विश्वेश्वरय्या महाराष्ट्रात कसे आले?

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी (काही नोंदींनुसार १८६० मध्ये) म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. तो दिवस देशात ‘अभियंता दिन’ म्हणून पाळला जातो. वडील लवकर गेले. शिकवण्या करून त्यांनी बंगळुरूत पदवी घेतली आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला आले. हेच पुढे सीओईपी म्हणून नावारूपाला आले. १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकला होती.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच पावसाने त्यांना धडा दिला. खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून पाणी नेण्यासाठी नळांचा सायफन बांधायचा होता. पावसाळा सुरू झाला, पात्रात पूर आला आणि कामावर गाळ बसू लागला. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे तरुण विश्वेश्वरय्यांना वाटत होते. वरिष्ठांना ते मान्य नव्हते. अखेर पुराच्या मधल्या उघडिपी साधून त्यांनी ते काम पूर्ण केले. अशा नदीवर महिन्याच्या पावसाची बेरीज कामाला येत नाही. पाणी किती तासांत चढते आणि किती तासांत उतरते, यावर सगळे ठरते.

खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांनी काय साधले?

पुण्याजवळच्या खडकवासला तलावाची सांडव्यापर्यंतची साठवण अपुरी पडत होती. जास्त पाणी धरण्यासाठी सांडव्यावर दरवर्षी मातीचा तात्पुरता बांध घातला जाई आणि मोठ्या पुरात तो वाहून जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी इथे आपोआप उघडणारी आणि बंद होणारी दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दारे उघडत, पूर ओसरला की मिटत. त्यामुळे मूळ सांडव्याच्या सुमारे आठ फूट वरपर्यंत पाणी साठवता येऊ लागले. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते.

या दारांचा संबंध थेट वेळेशी होता. घाटमाथ्यावर मुसळधार सुरू झाली की तलावात येणारे पाणी काही तासांत वाढते. रात्री निरोप पोहोचून, माणसे जमवून दारे उचलेपर्यंत उशीर होऊ शकतो. स्वयंचलित दाराला निरोपाची गरज नव्हती. पूर ज्या वेगाने येईल, त्या वेगाने वाट मोकळी होत होती.

मुसीच्या पुरात नेमके काय घडले?

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबाद शहरात मुसी नदीला महापूर आला. पूल वाहून गेले, नदीकाठच्या वस्त्या नाहीशा झाल्या. मृतांची संख्या सुमारे १५ हजार असावी, असा अंदाज सांगितला जातो. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी जीव वाचवला. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील त्या झाडापाशी आजही पुराचे स्मरण केले जाते.

जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९५६ पर्यंत जालन्याची राजधानी हैदराबादच होती.

मुंबई इलाख्याच्या सेवेतून बाहेर पडून विश्वेश्वरय्या युरोपच्या दौऱ्यावर असताना त्यांना निजाम सरकारचे बोलावणे आले. १९०९ मध्ये ते हैदराबादला पोहोचले. पूर का आला, तो पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे आणि शहराची मलनिस्सारण व्यवस्था कशी असावी, हे प्रश्न त्यांच्यापुढे होते. त्यांनी सुरुवात पावसाच्या आणि पुराच्या नोंदींपासून केली.

हैदराबादच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल, म्हणजे सुमारे २,२०० चौरस किमी होते. एवढ्या भागात ७८८ लहान-मोठे तलाव होते, जवळपास प्रत्येक चौरस मैलाला एक. त्यातले २२१ तलाव फुटले. आज जिथे हैदराबादचा विमानतळ आहे, त्या शमशाबादच्या पर्जन्यमापकात २४ तासांत १२.८ इंच (३२५ मिमी) आणि ४८ तासांत १८.९ इंच (४८० मिमी) पाऊस नोंदला गेला होता. नदीचा सर्वोच्च विसर्ग सुमारे सव्वाचार लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट, असल्याचा अंदाज काढण्यात आला.

पाऊस आणि वेळ यांचे नाते काय?

शमशाबादचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वेळ दुप्पट झाला, २४ तासांचे ४८ तास झाले. पाऊस दुप्पट झाला असता तर ६५० मिमी भरला असता. प्रत्यक्षात तो ४८० मिमी, म्हणजे दीड पटीच्या जवळ होता. जगभरच्या टोकाच्या पावसात हाच कल दिसतो. कालावधी वाढला की एकूण पाऊस वाढतो, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. त्याचा तासाचा सरासरी वेग मात्र कमी होत जातो.

कारण साधे आहे. सर्वांत तीव्र सरी एकेका ढगातून येतात. असा ढग बाष्प झपाट्याने रिकामे करतो आणि विरतो किंवा पुढे सरकतो. त्याच जागी दिवसभर पाऊस पडायचा तर समुद्राकडून बाष्प सतत येत राहावे लागते आणि नवे ढग पुन्हा पुन्हा तिथेच तयार व्हावे लागतात. कमी दाबाचा पट्टा किंवा डोंगररांग हे घडवू शकते, पण प्रत्येक तास पहिल्या तासाइतका जोरदार नसतो.

जागतिक विक्रम हेच सांगतात. अमेरिकेतील होल्ट या गावी १९४७ मध्ये ४२ मिनिटांत ३०५ मिमी पाऊस पडला. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिमी पडला. वेळ सुमारे ३४ पट झाला, पाऊस फक्त सहा पट. चेरापुंजीत ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिमी पाऊस झाला. तो विश्वेश्वरय्यांच्या जन्माचाच काळ. रियुनियनच्या एका दिवसाशी तुलना केली तर वेळ ३६५ पट आणि पाऊस साडेचौदा पट. असे विक्रम आलेखावर मांडले की टोकाचा पाऊस साधारणपणे वेळेच्या वर्गमुळाच्या आसपास वाढताना दिसतो. वेळ चौपट, पाऊस जेमतेम दुप्पट. अमेरिकी हवामानतज्ज्ञ जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये जगातील असे विक्रम एकत्र मांडल्यानंतर हा कल ठळक झाला. विश्वेश्वरय्यांच्या हाती १९०९ मध्ये हे सूत्र नव्हते. त्यांच्याकडे होत्या त्या पर्जन्यमापकांच्या नोंदी, पुराच्या खुणा आणि पाणलोटाचे नकाशे.

धरणांनी पाऊस थोडाच थांबतो?

थांबत नाही. विश्वेश्वरय्यांच्या हैदराबाद योजनेचे मर्म इथे आहे. शहरात नदीकाठाला उंच भिंती बांधून पूर अडवण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन जलाशय बांधावेत आणि पुराचे पाणी तिथे रोखून नंतर हळूहळू सोडावे, असे त्यांनी सुचवले. प्रस्तावित साठा एकावर सुमारे ८.४ टीएमसी आणि दुसऱ्यावर सुमारे १२ टीएमसी होता. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. नदीकाठाची सुधारणा आणि मलनिस्सारण हेही योजनेचे भाग होते. त्या कामांसाठी ते पुढेही हैदराबादला आले.

साधा हिशेब केला तर योजनेचे बळ कळते. सव्वाचार लाख क्युसेकने तासाला सुमारे दीड टीएमसी पाणी वाहते. म्हणजे २० टीएमसीची रिकामी जागा पुराच्या ऐन शिखरालाही साधारण १३ तास थोपवू शकते. पाऊस तेवढाच पडणार, पाणीही जवळपास तेवढेच येणार. पण जे पाणी एका रात्रीत शहरावर आले, ते काही दिवसांत पसरून गेले तर नदी काठ सोडत नाही. पूरनियंत्रणाच्या धरणाने विकत घेतलेली वस्तू म्हणजे वेळ. त्यासाठी धरणात पावसाळ्यात रिकामी जागा राखावी लागते. तलाव आधीच काठोकाठ भरला असेल तर वेळ मिळत नाही.

तलाव फुटला तर उलट घडते. कित्येक दिवस साठलेले पाणी काही मिनिटांत किंवा तासांत बाहेर पडते. मुसीच्या पाणलोटातील २२१ तलावांनी तेच केले. पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी तेच अनुभवले. पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि शहर बुडाले. शंभरीच्या उंबरठ्यावरचे विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते.

प्रत्येक नदीला वेगळा पाऊस घातक कसा?

मुसीनंतर विश्वेश्वरय्या १९०९ च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. १९१२ ते १९१८ ते दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम याच काळात उभे राहिले. १९३७ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, ओरिसातील पुरांचा अभ्यास करून त्यांनी अहवाल दिला. त्या भागाच्या पूरप्रश्नावर मोठा जलाशय हा उपाय त्यांनी मांडला. पुढे महानदीवर हिराकुड धरण झाले.

मुसी आणि महानदी यांतील फरक पाहण्यासारखा आहे. मुसीचे हैदराबादपर्यंतचे पाणलोट सुमारे २,२०० चौरस किमी, तर हिराकुडपर्यंत महानदीचे ८३ हजार चौरस किमीहून अधिक. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी एखाद्या जागी पोहोचायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढा वेळ टिकणारा पाऊस त्या जागेसाठी सर्वांत घातक असतो. पाऊस त्याआधी थांबला तर सगळ्या भागांतील पाणी एकाच वेळी पोहोचत नाही. त्याहून जास्त वेळ टिकला तर त्याचा सरासरी वेग कमी झालेला असतो. महानदीला कित्येक दिवसांची झड घातक, मुसीला एक-दोन दिवसांची अतिवृष्टी. ओढ्याला तासा-दोन तासांची मुसळधार पुरते. कारखान्याच्या आवारातील गटाराला दहा-पंधरा मिनिटांची सर पुरते.

जालना एमआयडीसीत हे गणित कसे लागू होते?

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी आहे, शहरातून कुंडलिका वाहते आणि एमआयडीसीत पत्र्याची छते, काँक्रीटची आवारे आणि डांबरी रस्ते आहेत. एकाच दिवसाचा पाऊस या तिघांवर तीन वेगळे परिणाम करतो. गोदावरीची पातळी वरच्या भागातील अनेक दिवसांच्या पावसावर आणि जायकवाडीच्या विसर्गावर ठरते. कुंडलिका काही तासांच्या पावसाने फुगते. शेडमधील पाणी मिनिटांवर ठरते.

तासागणिक नोंदी नसतील तिथे भारतात अभियंते एक ढोबळ नियम वापरतात. २४ तासांच्या पावसाला कालावधीच्या गुणोत्तराच्या घनमुळाने गुणायचे. या नियमाने वेळ दुप्पट झाला की पाऊस सव्वापट होतो. मुसीच्या वेळी तो दीडपट झाला होता. प्रत्येक वादळ वेगळे असते, म्हणून हा अंदाजच. पण तो उपयोगी आहे. २४ तासांत १०० मिमी पावसाचा दिवस घेतला तर त्याच दर्जाच्या पावसात सहा तासांत सुमारे ६३ मिमी, एका तासात ३५ मिमी आणि पंधरा मिनिटांत २२ मिमी अपेक्षित धरतात.

आता एक हेक्टरचा, पूर्ण पत्रा आणि काँक्रीटने झाकलेला प्लॉट घ्यावा. तिथे एक मिमी पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. १०० मिमी पाऊस २४ तासांत समान पडला तर गटारातून सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी जाईल. पंधरा मिनिटांच्या २२ मिमी सरीत तेच गटार सेकंदाला सुमारे २४० लिटर पाण्याला सामोरे जाईल. फरक वीस पटींचा. दिवसाच्या सरासरीवर बांधलेले गटार ऐन सरीत पाचव्या मिनिटालाच तुंबेल.

मुंबईत हा फरक मोठ्या प्रमाणावर दिसला आहे. ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या. ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ५० मिमी करण्यास सांगितले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्यातल्या एका तासातच १९० मिमी पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी नोंद झाली. दिवसाचा आकडा वेळ लपवतो, तसा एका मापकाचा आकडा जागाही लपवतो.

पोलाद कारखान्यात धोका नुसत्या चिखलाचा नसतो. भंगार ओले असेल आणि ते वितळलेल्या धातूत पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. भट्टीजवळ साठलेले पाणी, भिजलेले भंगार, केबलच्या नाल्यात शिरलेला लोंढा यांनी कामगारांच्या जिवावर बेतू शकते. बियाण्यांच्या गोदामात एक तास पाणी थांबले तरी माल हातचा जातो.

मग काय पाहायचे?

पहिली गोष्ट, नोंदीची वेळ. हवामान खात्याची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठला होते. पहाटे सुरू होऊन दुपारी संपलेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो आणि दोन्ही आकडे साधारण दिसतात. म्हणून महसूल मंडळांतील स्वयंचलित केंद्रांच्या कमी अंतराच्या नोंदी मोलाच्या आहेत. दुसरी गोष्ट, गटाराचा आराखडा कोणत्या कालावधीच्या आणि किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी आहे, हा प्रश्न बांधकामाआधी विचारला गेला पाहिजे. तिसरी गोष्ट, आवारात पाणी थोपवण्याची जागा. खोल टाकी, शोषखड्डा किंवा मोकळा मातीचा पट्टा हे एका प्लॉटचे छोटे उस्मानसागरच. ते सरीचा जोर पंधरा मिनिटांवरून तासावर पसरवतात. त्यासाठी पावसाळ्यात ते रिकामे हवेत आणि नाला अतिक्रमणाविना खुला हवा.

जुन्या नोंदींवरही पूर्ण विसंबता येत नाही. पुण्यातील आयआयटीएमचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले. हवा तापली की ती अधिक बाष्प धरते आणि सर कोसळताना अधिक जोराने कोसळते.

विश्वेश्वरय्या यांना १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरूत त्यांचे निधन झाले. पांझरेच्या पात्रापासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत त्यांच्यापुढचे पाणी वाढत गेले, पण प्रश्न तोच राहिला. किती पाणी येईल, किती वेळात येईल आणि त्याला थांबायला जागा कुठे आहे? जालना एमआयडीसीत पावसाळ्याआधी गटार साफ करताना विचारायचे प्रश्नही हेच तीन आहेत.